चुकलेला मजला

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझा लिफाफा मिळाला. घर विकायचा अधिकार मला दिल्याचा सहीचा कागद, त्यावर वकिलाचा शिक्का, बाकी काही नाही. मी लिफाफा उलटा करून झटकूनही पाहिला, न जाणो एखादी चिठ्ठी आत चिकटून राहिली असेल. नव्हती. चालायचंच. चार वर्षांत तू मला पाठवलेली ही पहिली वस्तू, तेव्हा तक्रार कशाला करू?

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. धरणावरच्या तुमच्या वसाहतीत पत्र तीन दिवसांनी का होईना पोचतं, आणि उघडलं नाहीस तरी ते घरात पडून तरी राहतं.

घर तयार झालंय. तू ओळखणार नाहीस. बारा वर्षांत लोकांची साठेक जुनी घरं नवी करून दिली, आपलं करायची वेळ पहिल्यांदाच आली. आधी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडली. तिच्यामुळे दोन्हीकडे दिवसाही दिवा लागायचा. मग उंबरे काढले, आतले दोन्ही. मोझॅकच्या फरशा उखडून एका पातळीत मोठ्या टाइल्स बसवल्या. ओटा डाव्या भिंतीवरून खिडकीखाली आणला. दरवाजाशी ती चपलांची खिळखिळी मांडणी होती ना, जिला बाबा दर महिन्याला ठोकून सरळ करायचे, ती गेली. खिडक्या नव्या, दुहेरी काचेच्या.

एजंटने जाहिरात दिलीय ती उतरवून देते. ‘पाण्याकाठच्या जुन्या भक्कम इमारतीत संपूर्ण नूतनीकरण केलेलं एक बेडरूमचं घर. खुली रचना. भरपूर उजेड. पाण्याचं दर्शन.’ जुनी भक्कम म्हणजे जिन्याचे गज गंजलेत आणि भिंती दीड हात जाड आहेत. पाण्याचं दर्शन बेडरूमच्या खिडकीतून होतं, मान जरा बाहेर काढली तर. पण उजेडाचं खरं आहे. सकाळी अकरापर्यंत सगळं घर झगझगतं.

आई सध्या माझ्याकडे आहे, मजेत आहे. तिला मी विचारलं होतं. ‘तुम्हा दोघांना योग्य वाटेल ते करा’ म्हणाली. तशी घराच्या कागदांवर नावं आपली दोघांचीच, बाबांनी तेव्हाही तिला विचारलं नव्हतं.

आणखी एक. घरचा फोन कामासाठी काढून ठेवलाय, म्हणून गेले काही रविवार तुझा आईला लागला नसेल, इतक्यात लागणारही नाही. काळजी करू नकोस.

धाकटी


९ मार्च

दादा,

गिऱ्हाईक मिळालं. एक शिक्षिका आहेत, गणित शिकवतात, एकट्याच राहणार. दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला खिडकीशी उभ्या राहिल्या त्या दहा मिनिटं बोलल्याच नाहीत. एजंट माझ्या कानात पुटपुटला, ‘बाई गळाला लागल्या.’ हा माणूस एरवी एवढा बोलतो की त्याच्या तोंडाला झाकण लावावंसं वाटतं, पण धंदा त्याला कळतो. तीन एप्रिलला दस्ताची नोंदणी आहे. तुझा कागद आहेच, तुला यावं लागणार नाही.

शिक्षिकेने त्यांच्या भाड्याच्या घरमालकाला महिन्याची सूचनाही देऊन टाकलीय. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं वहीत लिहून घेतली, तीही कशी, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत.

आई बरी आहे. नडगीवर खरचटलंय, विशेष काही नाही. माझ्याकडचं टीपॉय तिच्या अंगवळणी पडायला वेळ लागणारच. पलंगाचा कोपराही दोनदा लागला. आंघोळीला जाताना ती भिंतीला हात लावून, पाय घासत जाते. परवा मी ऑफिसातून आले तेव्हा खुर्चीत सरळ बसून होती, दिवसभर तिथेच असावी. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून गेले होते, तोच रिकामा होऊन पडला होता.

दादा, तिला दिसत नाही हे मला ती माझ्याकडे आल्यावर कळलं. तू म्हणशील, काचबिंदूने सहा वर्षांपूर्वीच सगळं नेलं, उजेड-अंधार सोडला तर तिला काही कळत नाही, आणि तू रोज तिच्याकडे जात होतीस. जात होते. पण तिथे ती मला आंधळी दिसलीच नाही कधी. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत नऊ पावलं चालायची, उंबऱ्यावर टाच टेकवायची, भिंतीच्या कडेला करंगळी लावून वळायची आणि थेट गॅसपाशी. चहा माझ्याआधी तिचा व्हायचा. मला म्हणायची, ‘तू बस गं, तुला नाही सापडणार साखर.’ घरी तिला दिसायचं.

मी दर पत्रात एक खरी गोष्ट लिहायची असं ठरवलंय. या पत्रातली ही घे. आईला घर विकण्याबद्दल अजून पूर्ण सांगितलेलं नाही. नळाचे पाइप गंजलेत, ते बदलायचेत, दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, असं सांगून तिला आणलं. आता सातवा आठवडा आहे. तिची पिशवी भरलेली आहे, पलंगाच्या पायथ्याशी. रोज संध्याकाळी तिच्यावर हात ठेवून बघते, आहे ना म्हणून.

‘तुम्हा दोघांना योग्य वाटेल ते करा’ हे वाक्य तिचं नाही, माझं आहे.

सांगणार आहे. नोंदणीच्या आधी सांगणारच आहे. उगाच आधीपासून तिचा जीव टांगणीला कशाला?

धाकटी


१६ मार्च

दादा,

लिफ्ट बदलली हे तुला लिहायचं राहून गेलं. ती लोखंडी जाळीची गेली. नवी स्टीलची आहे, दार आपोआप मिटतं, आणि चढतेय की उभी आहे तेही कळत नाही. जुनीत प्रत्येक मजल्याला एक हिसका बसायचा आणि आई ते मोजायची. तीन हिसके झाले की आपला मजला आला म्हणून पुढे सरकायची. हे आधी लिहितेय, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. म्हणजे मी तो केला.

काल रविवार. सकाळी आई म्हणाली, ‘पाइप बदलायला इतके दिवस लागत नाहीत. मला घेऊन चल, मी बघते.’ बघते म्हणाली. मी धूळ आहे म्हटलं, कामगार आहेत म्हटलं, रविवारी कामगार नसतात हे तिला ठाऊक होतं. शेवटी पिशवी उचलून दाराशी जाऊन उभी राहिली. तिची पिशवी मीच हातात घेतली.

वाटेत मी ठरवलं होतं की तिथे गेल्यावर सांगायचं. हात धरून सगळ्या घरातून फिरवायचं, खिडकीशी बसवायचं आणि सांगायचं. हे खरं आहे, तुला पटो न पटो.

वर गेलो तर दार उघडं. एजंट आत होता, शिक्षिकेला बाथरूमच्या नळांचे फोटो हवे होते ते काढत होता. मी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितलं. आई आत आली. डावीकडे हात नेला, चपलांच्या मांडणीवर टेकायला, तर तिथे काहीच नव्हतं. हात तसाच खाली आला. मग ती चालू लागली. उंबरा येईल म्हणून पाय उचलून टाकला, तो नुसताच खाली आपटला. तिने भिंतीसाठी हात पुढे केला. आणखी एक पाऊल गेली, पुन्हा हात केला. दादा, ती त्या मोठ्या मोकळ्या खोलीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात पुढे करून, आणि कुठल्याही बाजूला चार पावलांत हाताला लागेल असं काही मी ठेवलेलं नव्हतं. जाहिरातीत खुली रचना म्हणतात ती हीच.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर रागावेल. ती हळूच म्हणाली, ‘आपण कुणाकडे आलोय गं?’

आणि मी म्हटलं, ‘मजला चुकला, आई. लिफ्टने चौथ्यावर सोडलं.’

मी हे आधी ठरवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. तोंडातून असं सहज निघालं, जसं काही तयारच ठेवलं होतं.

आईने हात खाली घेतले. पदर सारखा केला. मग एजंटचा वास आला असेल तिला, फार अत्तर लावतो तो, त्या दिशेला वळून म्हणाली, ‘माफ करा हं, चुकून शिरलो तुमच्या घरात.’ त्या बडबड्या माणसाने फोटो काढायचा मोबाइल खाली घेतला. मग म्हणाला, ‘काही हरकत नाही, आजी.’ माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही, नंतरही नाही.

खाली उतरताना मी म्हटलं, आपल्या घरात धूळ फार आहे, नंतर येऊ. ती ‘बरं’ म्हणाली. हट्ट केला नाही, काही विचारलं नाही. टॅक्सीत माझं कोपर धरून बसली होती. संध्याकाळी तिने पिशवी उघडली आणि आपले कपडे माझ्या कपाटात, मी तिला दिलेल्या कप्प्यात, एकेक करून लावले. मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. अर्धा तास तरी वाटलं.

आता तुला जे हवंय ते लिहिते. चार वर्षं तू त्याची वाट बघत असशील, किंवा नसशीलही. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात तू फोन केलास, मी निघू का म्हणालास. मी म्हटलं, ‘साधा ताप आहे, उतरेल, काळजीचं काही नाही.’ डॉक्टर त्याच सकाळी मला म्हणाले होते की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. धरणाची पाहणी होती तुमच्या, तुझी बढती त्यावर अडली होती, तू मधेच सोडून येशील आणि मग बाबा बरे झाले तर माझ्या नावाने खडे फोडशील, असं मी मनात म्हटलं. दोन दिवसांनी तू आलास तेव्हा सगळं आटपलं होतं. ‘तुला त्रास नको म्हणून’ असं मी तुला जिन्यात म्हणाले, आणि तू तसाच खाली उतरून गेलास.

तुला त्रास नको, तिच्या जिवाला घोर नको. माझ्याकडे अशी वाक्यं कधी कमी पडत नाहीत. खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती. रोज कामावरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, ते तीन मजले, ती वाट बघत असेल ही टोचणी, आणि ती आनंदाने चहा करायची त्याचाही मला राग यायचा. मला ते घर संपवायचं होतं. सुंदर करून संपवलं, एवढंच.

धाकटी


१८ मार्च

दादा,

परवाचं पत्र पोचायच्या आत हे लिहितेय. तू दिलेला अधिकार मागे घे. वकिलाकडून दोन ओळी पाठव की विक्रीला तुझी संमती नाही. तीन तारखेच्या आत पाठव.

हे मी स्वतःही थांबवू शकते, मला कळतं. पण शिक्षिकेचं तोंड आठवतं, एजंट आठवतो, आणि आईने कपडे कपाटात लावलेतच तर आता कशाला, असंही मनात येतं. माझा माझ्यावर भरवसा नाही. तू नाही म्हणालास की मी सगळ्यांना सांगू शकते, माझा भाऊ अडून बसलाय.

धाकटी


३० मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी बुधवारी आली. दोन ओळी मागितल्या होत्या, दोनच पाठवल्यास, पण त्या भलत्याच. ‘मी अडून बसणार नाही. या वेळी तूच सांग. रविवारी अकराला तुझ्या फोनवर आईशी बोलेन.’

तुझं अक्षर बदललंय, बाबांसारखं झालंय.

रविवार अकरा म्हणजे शनिवारपर्यंत मुदत. मी शनिवारी संध्याकाळपर्यंत ओढलं. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि सांगितलं की घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक ठरलंय, तुला न विचारता ठरलंय, दादाला मी खोटं लिहिलं होतं की तुझी हरकत नाही. पाइप वगैरे काही नव्हतं. भिंत पाडली, उंबरे काढले, ओटा हलवला, तेही सांगितलं.

मजल्याचं सांगितलं नाही. तेवढं गिळलं. वाटलं होतं की भिंत पाडल्याचं ऐकून तिच्या लक्षात येईल आणि ती आपण होऊन विचारेल, मग हो म्हणायचं. तिने विचारलं नाही. हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, ‘माझी भांडी कुठे आहेत?’ माझ्या गोदामात, खोक्यात, म्हटलं. ‘फोडली नाहीस ना?’ नाही, म्हटलं. ‘मग मला घरी जायचंय,’ ती म्हणाली, ‘कधी नेतेस?’

मी म्हटलं, आई, आता तिथे तुला धरायला काही नाही. तर म्हणाली, ‘तुझा धंदा काय आहे? बांध.’

रविवारी तुझा फोन आला तो मी तिच्या हातात देऊन बाहेर गेले. दार लोटलेलं होतं. चाळीस मिनिटं झाली. एकदा तिचं हसू ऐकू आलं. फोन परत दिला तेव्हा तू ठेवून दिला होतास. माझी अपेक्षाही नव्हती.

आज सकाळी शिक्षिकेकडे गेले. फोनवर सांगायची माझी हिंमत झाली असती, पण ते बरोबर नव्हतं. त्यांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली, चहाचा एक कप तेवढा बाहेर होता, त्यांनी तो मला दिला. मी सगळं सांगितलं, भाऊ अडून बसलाय असं म्हटलं नाही. माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही. म्हणाल्या, ‘तुमच्या आईचं मला समजलं. तुमचं नाही समजलं.’ आणि मापांची वही उघडून ते पान फाडलं. त्यांच्या घरमालकाला भेटून मी दोन महिन्यांची मुदत मिळवली, त्यांच्यासाठी जागा शोधणं आता माझ्यावर. एजंटला हे कळल्यावर तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘आजींचं घर ना? मी मदत करतो शोधायला.’ माणसाचं काही सांगता येत नाही.

धाकटी


२६ एप्रिल

दादा,

हे पत्र आईच्या घरातून. आमचं सामान हलवून आज नववा दिवस. आमचं म्हणजे तिचं. मी रोज संध्याकाळी येते आणि जेवून जाते, किल्ली तिने माझ्याकडून काढून घेतलीय. ‘बेल वाजव,’ म्हणाली, ‘मी उघडेन.’ वाजवते. ती येईपर्यंत दाराबाहेर उभी राहते.

भिंत पुन्हा उभी राहिली, कमरेएवढी. आमचा गवंडी म्हणाला, ‘ताई, पाडायची मजुरी तुमच्याकडूनच, बांधायचीही तुमच्याकडूनच. अशी गिऱ्हाइकं रोज मिळोत.’ आई त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली होती. तो विटेची एक रांग लावायचा, ती कडेवरून तळवा फिरवायची आणि सांगायची, इथे पुढे आलीय. तो म्हणायचा नाही आली. मग दोरी लावून बघायचा आणि गुपचूप वीट मागे घ्यायचा. आतले दोन्ही उंबरे घातले. ओटा खिडकीखालीच राहिला, तो हलवला तर नळाचे पाइप खरोखरच बदलावे लागतील. खोटं बोलतानाही मी कामाचं नाव काढलं होतं बघ. आता पलंगापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं होतात. पहिले चार दिवस ती नवव्यालाच थांबायची. दोनदा चटका बसला. परवापासून जमतंय.

ज्या दिवशी तिला आणलं त्या दिवशी दारातून आत शिरताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटलं, आत पाऊल टाकेल आणि म्हणेल, अगं, हे तर चौथ्या मजल्यावरचं घर. ती काही बोलली नाही. भिंत होती, मांडणी नवी करून ठेवली होती. मी म्हटलं, खपून गेलं. हो, हेच म्हटलं मनात. दादा, इतकं सगळं होऊनही.

आज जेवण झाल्यावर आई म्हणाली, कागद घे, दादाला पत्र लिहायचंय, मी सांगते. मी म्हटलं, रविवार आहे, सकाळीच तर फोन झाला. ती म्हणाली, ‘हे फोनवर नाही जमायचं. तो लगेच जाऊ दे आई म्हणतो. कागदावर त्याला मधे बोलता येत नाही.’

तर पुढचं तिचं आहे, ती बोलेल तसं लिहितेय.

‘बाळा, मी घरी आले. भिंत झालीय. गुडघे आहेत तसेच आहेत, त्यांचं काही लिहू नकोस म्हणाले तरी ही लिहितेय. तिने सगळं नवीन केलं, चांगलं केलंय, आवाज घुमायचा तो आता कमी झालाय. शेजारच्या बाईंनी काल येऊन सांगितलं की घर मासिकातल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, असेल.

‘आता दुसरं. त्या रविवारी हिने मला इथे आणलं होतं आणि चौथा मजला म्हणून परत नेलं. हिला वाटतं मला कळलं नाही. मला आत पाऊल टाकायच्या आधीच कळलं होतं. दाराबाहेर माझंच पायपुसणं होतं, तुझ्या बाबांच्या जुन्या कोटाचं मी विणलेलं. मधोमध गाठ आहे त्याला, चपलेतूनही लागते. हिने दार बदललं, कुलूप बदललं, पायपुसणं राहिलं. कारागिरांनी ठेवून घेतलं असेल.’

मी लिहायची थांबले. दारापाशी जाऊन पाहिलं. आहे, अजून आहे, सिमेंटने पांढरं झालंय. जाहिरातीचे फोटो काढणाऱ्याने ते दोनदा पायाने बाजूला केलेलं मी पाहिलं होतं. परत येऊन बसले तेव्हा विचारलं, ‘मग त्या माणसाची माफी का मागितलीस? मला का नाही बोललीस?’

आई म्हणाली, ‘तेच सांगतेय. लिही.

‘मला आधी वाटलं, दिशा चुकतेय माझी. मग कळलं की भिंत नाही. मी विचारलं कुणाकडे आलोय, ते खरंच विचारलं, काही सुचेना म्हणून. आणि ही मजला चुकला म्हणाली. तो आवाज मला ओळखीचा होता. तुझे बाबा आजारी होते तेव्हा ही तुला फोनवर काळजीचं काही नाही म्हणाली ना, तेव्हा याच आवाजात म्हणाली होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलं होतं. मी फोन मागून घेऊ शकत होते. घेतला नाही. हिला सगळं येतं, ही निभावून नेईल, आपण कशाला मधे पडा, असं मला तेव्हा वाटलं, त्या रविवारीही तेच वाटलं. चार वर्षं तू हिच्यावर राग धरलास आणि मी तुला दर रविवारी जेवलास का विचारत राहिले. एकदाही म्हटलं नाही की मीही तिथेच होते. परक्याच्या घरात शिरल्याची माफी मागितली मी. तुझी मागायची राहिली होती, ती मागते.’

इथे ती थांबली. मी पेन धरून बसून होते. दादा, आता लपवत नाही, हा सगळा परिच्छेद मला गाळता आला असता. ‘बाकी सर्व ठीक’ असं लिहून पाकीट बंद केलं असतं तर तिला काय दिसणार होतं? आणि तिच्यासाठीच गाळते असं मी स्वतःला सांगितलंही असतं, या वयात तिने का म्हणून दोष घ्यावा. वाक्य तयारच होतं.

‘लिहिलंस?’ आईने विचारलं.

‘हो.’

‘वाचून दाखव.’

मी वाचलं. पहिल्यापासून, तिच्या गुडघ्यांसकट. ‘मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते’ इथे मी अडखळले, तिने पाण्याचा तांब्या बरोबर माझ्या हाताशी सरकवला. ती कागदाकडे तोंड करून नव्हती, माझ्याकडे होती, आणि शब्दांपेक्षा माझा आवाज तपासत होती. संपल्यावर ‘हं, बरोबर’ म्हणाली आणि सही करायला पेन मागितलं. मी तिचं बोट कागदावर टेकवून दिलं.

खालची सही तिची आहे, ओळ सोडून उतरलीय. मी पेन मिटवत होते तर म्हणाली, ‘तू नाही करत?’ म्हणून मीही करते.

आई

धाकटी